भोंग्यावर अब्बांचा आवाज

४ नोव्हें., मंगळ.
अब्बांना घेऊन लातूर. ऑपरेशननंतरचा तिसरा चेकअप. गळ्याचा कॅन्सर गेला, सोबत आवाजही गेला. डॉक्टर म्हणाले, उत्तम. बरं.
दोन वर्षं मी मेडिकल प्रवेशाचा क्लास केला ती बिल्डिंग वाटेत लागली. मी मान फिरवली. अब्बा तर काय बोलणार. येताना एस.टी.त मोबाइलवर रॅपच्या आठ ओळी लिहिल्या. वाईट नाहीत. तरी काहीच वाटलं नाही.

६ नोव्हें.
नांदेडच्या एका चॅनलवाल्याचा मेसेज. ‘रॅपर म्हणून बॅकग्राउंड आणि इन्फ्लुअन्स, दोन ओळीत.’
लिहिलं: माझे वडील. पंचवीस वर्षं रिक्षात माइक धरून नायगाव, बिलोली, हिमायतनगर. साड्यांचा सेल, दातांचं शिबिर, हरवलेली म्हैस. दुकानाचं नाव तीनदा, पत्ता दोनदा, मध्ये एकदाही अडखळायचं नाही. मी शेजारी बसून ऐकायचो.
मग ते खोडलं. ‘सेल्फ टॉट’ लिहून पाठवलं. दुसरे सगळे मोठी मोठी नावं सांगतात, तिथं म्हैस कुठं सांगू.

९ नोव्हें., रवि.
ट्रॅक पूर्ण. मधोमध अब्बांची जुनी अनाउन्समेंट घातली: ‘माता-भगिनींनो, आज शेवटचा दिवस!’ त्यावर बीट मस्त बसली. शुक्र. २१ला ऑनलाइन टाकायचा.
अब्बांना विचारलेलं नाही. अम्मी म्हणाली, “पूछ तो ले उनको.” हौ म्हणालो. नाही विचारलं. ते ‘नको’ म्हणाले तर ट्रॅकमध्ये माझं असं उरतं काय?

१३ नोव्हें., गुरु.
घोळ. रिक्षाच्या अनाउन्समेंट हल्ली मीच रेकॉर्ड करतो. गाणी पण त्याच टेबलावर. पेनड्राइव्ह सगळे सारखे. आमची रिक्षा चालवणारा मारोती घाईत भलताच घेऊन गेला. साड्यांच्या सेलऐवजी माझा ट्रॅक, भोंग्यावर, दोन तास, नायगावभर. मारोतीला पत्ता नाही, त्याला नुसता आवाज चालू असल्याशी मतलब.
दुकानदाराच्या शिव्या फोनवर खाल्ल्या. रॅप कसा वाटला, कुणीच सांगितलं नाही.

१४ नोव्हें.
सकाळपासून माणसं घरी. समोरचे टेलरकाका पेढे घेऊन आले. “मामूचा आवाज आला म्हनं परत! म्या सोताच्या कानानं ऐकला की. लई खुशी झाली.”
अब्बा मानेवरचा रुमाल धरून नुसते बघत राहिले. काका म्हणाले, “बोला की मामू, एक डाव बोला.” अब्बा हसले. आवाज नाहीच.
मी दारातून म्हणालो, “जुनं रेकॉर्डिंग हाय काका ते. माझ्या गाण्यातलं.”
काका पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून गेले. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.
लाज वाटली. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे.

१८ नोव्हें.
अब्बा आता पाटीवर लिहून बोलतात; चार दिवस फक्त अम्मीसाठीच लिहितात. आज मीच इअरफोन दिला. “चुकलो अब्बा. आधी विचारायला पाहिजे होतं. ऐका. नको म्हणाल तर काढतो.”
तीनदा ऐकलं. पाटी मागितली. लिहिलं: ‘मेरी सांस किधर है?’
कळेना. मग कळलं. रेकॉर्डिंग साफ करताना दोन वाक्यांमधले श्वास मी कापून टाकले होते. फालतू खरखर म्हणून. एकूण एक.
मूळ फाइल शोधली. नाही. साफ केलेली तिच्यावरच सेव्ह केली होती.
सांगितलं तसं. अब्बांनी पाटी पुसून मांडीवर ठेवली.

२० नोव्हें., गुरु.
दुपारी अब्बा स्वतःहून टेबलापाशी येऊन बसले. पाटीवर: ‘तेरी डाल.’
म्हणजे त्यांच्या वाक्यांमध्ये माझे श्वास.
एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. कुठं घ्यायचा ते बोटानं दाखवत होते. ‘माता-भगिनींनो’च्या आधी मोठा. ‘आज’च्या आधी छोटा, चोरून. पहिले चार त्यांनी मानेनंच नापास केले. पाचवा मध्येच तुटला, तो वाया गेला. अब्बांनी पाठीवर हात ठेवला, आणि परत घे अशी खूण केली.
ट्रॅक टाकू का, असं पुन्हा विचारलं. अब्बांनी बोटानं स्क्रीनवर पुढच्या श्वासाची जागा दाखवली. उद्या शुक्रवार. अजून एकही श्वास पास झालेला नाही.