गिरणीच्या भिंतीवरचे खासदार

वन्संना नमस्कार.

वर तीर्थरूप वगैरे जे लिहायचं असतं ते लिहिलंय असं समजा. मला त्यातलं एक अक्षर धड येत नाही, आणि चुकलं की पुढच्या भेटीत तुम्ही ते चारचौघांत काढता. तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? (सविस्तर लिहू नका, बरं आहे की नाही एवढंच कळवा.) आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण आम्ही खुशाल नाही. तीन दिवस गिरणी बंद आहे. लोकांचे दळणाचे डबे भिंतीपर्यंत ओळीने लागलेत आणि तुमचे बंधू त्या डब्यांच्या मागे जाऊन बसतात, आलेल्या माणसाला दिसू नये म्हणून.

सगळं त्या चौकाकडच्या भिंतीमुळे. मतमोजणी ज्या गोदामात होते तिकडे जाणारा माणूस आपल्या भिंतीसमोरूनच जातो, आणि या मतदारसंघात असा समज झालाय की गिरणीच्या भिंतीवर ज्याचं नाव, तोच खासदार. तुम्ही लग्न होऊन गेलात त्यानंतर हे खूळ वाढलं, म्हणून सांगते. कोपऱ्यात ओल येऊन रंगाचा पोपडा सुटलाय, तिथे बघितलं की एकाखाली एक सगळे खासदार दिसतात. सगळ्यात खाली निळा, तो मास्तरांचा. ते दोनदा आले, कारण अर्धे मतदार त्यांच्या हाताखाली शिकलेले आणि मत देतानासुद्धा घाबरायचे. त्यावर पांढरा, वकिलांचा. वकिलांनी मास्तरांना पाडलं आणि दीड-दोन वर्षांत स्वतःच वर गेले. मग पोटनिवडणूक, त्यात वकीलीणबाई. पुन्हा तोच पांढरा, नुसतं नावापुढे बाई वाढवलं (रंग वाचला). त्या संसदेत एकदाच बोलल्या, आणि तेही खिडकी लावून घ्या एवढंच होतं म्हणतात. पुढे मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या, नदीपलीकडची वस्ती आपल्यात आली आणि तिच्याबरोबर ठेकेदार आला. तो तीनदा निवडून आलाय, तिन्ही वेळा वेगळ्या पक्षातून. म्हणून वरचे तीन थर तीन रंगांचे आणि नाव मात्र एकच.

आता यातलं खरं काय ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे, कारण शिडी मी धरायची. मामंजी मतदानाच्या आधी जो पहिला मागेल त्याला भिंत द्यायचे. तो बहुतेक वेळा पडायचाच. वकीलीणबाई ठेकेदारासमोर पडल्या तेव्हा भिंतीवर नाव त्यांचंच होतं. पण निकाल लागला की सगळं गाव मिरवणुकीमागे धावायचं, चौक रिकामा व्हायचा, आणि तेवढ्यात मामंजी पडलेल्याचं नाव खरवडून वर चुना फासायचे आणि जिंकलेल्याचं लिहायचे. मिरवणूक फिरून येईपर्यंत भिंत ओलीच असायची. नवा खासदार जीपमधून आपलं नाव वाचायचा, हात जोडायचा, आणि पुढची निवडणूक येईपर्यंत गिरणीकडे कोणी वाकडी नजर करायचं नाही. लोकांचं काय, भिंतीवर आज जे आहे तेच कायम होतं असं त्यांना वाटतं.

या खेपेला ठेकेदारासमोर त्याचा सख्खा मेहुणा उभा आहे. आजवर तिन्ही निवडणुकांत त्याच्या बॅगा हाच उचलत होता. दोघेही भिंत मागायला आले आणि तुमच्या बंधूंनी दोघांनाही हो म्हटलं. (नाही हा शब्द त्यांना फक्त मला म्हणता येतो.) मेहुण्यालाही शब्द दिलाय हे ठेकेदाराला कळलं, तर दुसऱ्या दिवशी टेप घेऊन दोन माणसं आली आणि आपल्या पायरीच्या आत लोखंडी खुंट्या ठोकून गेली. रस्ता रुंद होणार म्हणे. मी दोन खुंट्यांमध्ये उभं राहून बघितलं, रेघ बरोबर चक्कीच्या पोटातून जाते. इकडे ठेकेदाराला शब्द दिलाय हे मेहुण्याला कळलं. वीज कचेरीत त्याचा माणूस आहे. तेव्हापासून आपल्या एकट्याची लाईट नाही. समोर सलूनमध्ये पंखा फिरतोय, आणि मी अंधारात लोकांना उद्या या म्हणून सांगतेय.

मला वाटलं, खरं सांगून टाकलं की दोघांचंही भूत उतरेल. म्हणून मी आधी ठेकेदाराला गाठलं. तो पांढऱ्या कपड्यांत पिठाच्या बाकावर बसला होता, त्याला मामंजींचं, चुन्याचं, शिडीचं सगळं सांगितलं. त्याने उठून भिंतीवर हात ठेवला. म्हणाला, "वहिनी, माझ्या पहिल्या निवडणुकीत मतदानाच्या दिवशी सकाळी मी माझं नाव इथे स्वतः वाचलंय. तुमचे सासरे साधे नव्हते. त्यांना आधीच कळायचं." वन्सं, त्या सकाळी तिथे वकीलीणबाईंचं नाव हातभर मोठं होतं. जाताना मात्र त्याने पायाने खुंटी हलवून बघितली आणि अगदी हळू म्हणाला, "रविवारी माझा रंगारी येईल. भिंत माझी झाली की ही रेघ थोडी सरकवता येते." माणूस ओरडला तर मला भीती वाटत नाही. हा हळू बोलला.

मेहुण्याला सांगितलं तर त्याला लगेच पटलं, आणि ते जास्त वाईट झालं. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बस, हेच शनिवारच्या सभेत माईकवर सांगा. ह्याची सगळी हवा त्या भिंतीतच आहे." मी म्हटलं मला माईकवर बोलता येत नाही. तो म्हणाला, "मग मलाही कचेरीत बोलता येत नाही." म्हणजे शनिवारी बोलले तर खुंट्यांच्या जागी खड्डा, आणि नाही बोलले तर अंधार. मामंजींनी चालवलेली आणि मी वीस वर्षं पीठ खाऊन चालवलेली गिरणी शनिवार-रविवारच्या मध्ये अडकली. तुमच्या बंधूंना विचारलं आता काय करायचं, तर डब्यांच्या मागून आवाज आला की दोघेही तसे चांगले आहेत.

असो. मी माझ्या परीने वेळ मारून नेली आहे. तुम्हाला त्रास द्यायला हे लिहीत नाही, नुसतं मन मोकळं केलं. तुम्ही काही काळजी करू नका. भावजींना नमस्कार सांगा.

तुमची वहिनी

ता. क. वेळ कशी मारून नेली ते लिहायचं राहिलं. काल दोघे एकाच वेळी गिरणीच्या दारात समोरासमोर आले. कोणी कोणाकडे बघेना आणि कोणी हटेना, दोघांचीही माणसं गाड्यांतून उतरायला लागली. तेव्हा तोंडात आलं ते बोलले, की भिंत आमची नाहीच, मामंजींनी ती लेकीच्या (म्हणजे तुमच्या) नावावर केलीय. ठेकेदाराला सांगितलं की मालकिणीने मनापासून दिली तरच भिंत लागू पडते. मेहुण्याला सांगितलं की माईकवर भिंतीच्या मालकिणीनेच बोललेलं बरं. आणि दोघांनाही सांगितलं की गिरणी बंद पडली तर वन्सं कोणाचंच ऐकायच्या नाहीत, त्या तापट आहेत. आज सकाळी दोघेही तुमच्याकडे निघाले आहेत.

ता. क. म्हणजे हे वाचताना ते तुमच्यासमोर बसलेले असणार. मोठ्याने वाचू नका आणि चेहरा बदलू देऊ नका. हो म्हणू नका, नाही म्हणू नका, सहीबिही करू नका. सांगा, भावजींना विचारते. भावजींना सांगा, खोकत राहा.

ता. क. मागे तुम्ही हिश्श्याचं विचारलंत तेव्हा मी म्हणाले होते की एक वीट मिळणार नाही. आता आख्खी भिंत दिली, तेव्हा ते मनात ठेवू नका. फक्त बाहेरची बाजू दिलीय, आणि तीही मतमोजणीपर्यंत. दोन्ही रंगांचे डबे मी आणून ठेवलेत.

ता. क. हे पत्र ज्याने तुमच्या हातात दिलं तो अपक्ष आहे. तुमच्या बंधूंनी त्यालाही शब्द दिला होता. त्याच्याकडे गाडी नाही, तो बसने येतोय, म्हणून पत्र त्याच्याकडेच देतेय. पाकीट चिकटवून देईन, पण प्रवास लांबचा आहे. त्याला पोटभर जेवायला घाला.

ता. क. तो दारात घाई करतोय, बस चुकेल म्हणतो. पण थांबवलंय, कारण आत्ताच लाईट आली. चक्की फिरली, तुमचे बंधू डब्यांमागून बाहेर आले. म्हणजे मेहुणा तुमच्याकडे पोचला आणि तुम्ही माझं पत्र नसतानाच त्याला काहीतरी बोललात. काय बोललात ते मला माहीत नाही. मतमोजणीपर्यंत तेच बोलत राहा.