जवसाच्या तेलातलं इंजिन

अमरावती

प्रिय रागिणी,

तुला आठवतं का, उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आपण दोघी थंड फरशीवर पालथ्या पडून तुझ्या बाबांची खेळण्यातली आगगाडी बघायचो? पलंगाखालून येणारं इंजिन खरंखुरं वाटावं म्हणून तू एक डोळा मिटून गाल फरशीला टेकवायचीस. मी पन्हं करायला उठले की ओरडायचीस, "आई, बडनेरा येऊन राहिलं, उठू नको!"

तेच इंजिन गेले काही महिने मी दुरुस्त करत होते. हसू नकोस. मला कुणीतरी एक गोष्ट विचारली होती आणि इंजिन चालेपर्यंत उत्तर द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काय विचारलं ते सांगते, पण आधी इंजिनाचं ऐक.

ते बंद पडलं त्या वर्षी दसऱ्याला तुझ्या आजीने सायकल आणि मिक्सरच्या रांगेत त्यालाही पाटावर बसवलं होतं. चाकांना हळदकुंकू वाहिलं आणि वरून स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल सोडलं, अगदी सढळ हाताने. बाबा नको नको म्हणत होते. "सायकलीले चालते, मंग याले काऊन नाही?" म्हणून आजीने त्यांना गप्प केलं. दिवाळीला इंजिन हललंच नाही. मोटार जळली असं समजून बाबांनी ते खोक्यात ठेवलं, आणि बाबा गेल्यावरही खोकं तसंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात मंजुषामावशीकडे अकोल्याला गेले होते. जुन्या शहरात तिच्या शेजारी श्यामराव राहतात. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता एकटेच असतात. "या वयात झुकझुकगाडी खेळतात," मावशीने नाक मुरडलं. पुढच्या खेपेला मी खोकं घेऊनच गेले. श्यामरावांनी इंजिनाचं वरचं कवच काढलं, वास घेतला आणि म्हणाले, "बाई, मोटार नाही जळली. पण इंजिनाले फोडणी कोणं देल्ली?"

जवसाचं तेल वाळलं की वार्निशसारखं कडक होतं गं. आतली दातेरी चाकं एकमेकांना घट्ट चिकटली होती. शिवाय रुळातली वीज चाकांतून मोटारीत जाते, आणि चाकांवर तर कुंकवाचा थर!

मग दर गुरुवारी बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला जाऊ लागले. त्यांचे हात थरथरतात, माझे अजून स्थिर आहेत. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मारूनमुटकून शिकवलेलं भरतकाम असं कामाला आलं. ते बॅटरीचा उजेड धरून सांगायचे आणि मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या काडीने एकेक दाता साफ करायची. मग मशीनचं तेल, तेही सुईच्या टोकावर राहील तेवढंच. एकदा मोटारीतली कार्बनची बारीक कांडी दाबून धरणारी इवलीशी स्प्रिंग उडाली. लोहचुंबक घेऊन आम्ही सगळी खोली पालथी घातली. शेवटी श्यामराव म्हणाले, "बाई, हलू नका," आणि माझ्या अंबाड्यातून ती अलगद काढली. त्यानंतर बराच वेळ ते चष्मा पुसत बसले आणि माझा चहा निवून गेला. दारात उभी असलेली मावशी म्हणाली, "ताई, तुह्या इंजिनाचं काही खरं नाही!"

मागच्या गुरुवारी रूळ मांडले. इंजिन निघालं, वळणावर अडखळलं आणि थांबलं. श्यामरावांनी बोटाने ढकलायला हात पुढे केला. मी तो धरला. ढकलून चाललेलं मला नको होतं. इंजिन उलटं करून पाहिलं, तर एका चाकाच्या आतल्या कडेला अजून लाल चिकटलेलं. पदराच्या टोकाने पुसलं आणि परत रुळावर ठेवलं. रागिणी, त्याने आख्खा फेरा मारला, मग दुसरा. मी रडत होते आणि श्यामराव लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

आता त्या विचारण्याबद्दल. उरलेलं आयुष्य सोबत काढू या का, असं त्यांनी मला संक्रांतीनंतर विचारलं होतं. तुझ्या बाबांची एवढी आवडती वस्तू बंद ठेवून दुसऱ्या घरी जाणं माझ्याने झालं नसतं. आता मी हो म्हटलं आहे. पुढच्या महिन्यात नोंदणी पद्धतीने लग्न करतोय, आणि साक्षीदाराची पहिली सही मला तुझी हवी आहे. राग आला असेल तर आधी ये, मग रागाव. आलीस की आपण दोघी मिळून हे घर आवरू. इंजिन, डबे, रूळ सगळं तुझं, मी अकोल्याला नेणार नाही. बाबांची पुस्तकं वाचनालयाला दे, त्यांचं घड्याळ मात्र तू ठेव. फ्रिज कामाला येणाऱ्या इंदूबाईंना. तांब्याचा बंब मावशीला, कधीचा डोळा आहे तिचा त्यावर. माझ्या साड्या तुम्ही चुलत-मावस बहिणी वाटून घ्या. फक्त कपाटातल्या खालच्या कप्प्यातला हिरवा शालू कुणाला देऊ नका. तो मी नेसणार आहे.

तुझीच,
आई