माझ्या उंचीचं घर

माझ्या उंच आईस,

तू गेल्यावर तुला पत्रबित्र लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. रडू येतं आणि मग चष्मा पुसत बसावं लागतं. पण आज रंगाऱ्याने भिंत घासली आणि तुझी चोरी उघडी पडली. आता लिहिल्यावाचून राहवेना!

गंगापूर रोडचा हा आपला फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी दादाकडे राहायला जायचं, असं ठरत आलं होतं. दादा म्हणाला, "एकटी कशी राहशील? आणि ओटा इतका खाली, भाडेकरू नाकं मुरडतील. वर घेऊन टाकू." मी हो म्हणून मोकळी झाले होते.

सकाळी रंगारीकाका हॉलची भिंत घासता घासता थांबले. कळवणकडचे आहेत. म्हणाले, "ताई, लाइटचा बोर्ड आधी हितं वर व्हता. बुजवून खाली घेतलाय कुणीतरी." आतल्या खोलीत गेले. "हितं बी तसंच हाय." आई, दाराची कडी, आरसा, कपड्यांच्या खुंट्या... प्रत्येकाच्या वर, जुन्या रंगाखाली, बुजवलेली भोकं! ओट्यामागची टाइल काढली, तर जुन्या ओट्याची रेघ थेट माझ्या गळ्याशी.

मी दादाला फोन लावला. तो आधी उडवाउडवी करत राहिला. मग म्हणाला, "आईने शपथ घातली होती गं."

तिसरीची परीक्षा झाल्यावर मला मामाकडे पिंपळगावला धाडलंस, तीच ती सुट्टी ना? परत आले तर घराला नवा रंग. सवयीने उडी मारून दिवा लावायला गेले, तर हात सहज पुरला! कडीसुद्धा निघाली! मी जिन्यात ओरडत सुटले, "मी वाढले! मी वाढले!" आणि तू? पदराला हात पुसत म्हणालीस, "वाढणारच. मामाकडची हवा मानवली माझ्या लेकीला." चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही तुझ्या!

माझी उंची तिथेच थांबणार, हे डॉक्टरांनी तुला आधीच सांगितलं होतं. शाळेत पोरं चिडवायची, तेव्हा मी मनात म्हणायचे, एका सुट्टीत तरी मी भराभर वाढले होते की! त्या जोरावर शिकले, नोकरी केली, पन्नाशीला आले. आणि आज कळतंय, त्या सुट्टीत मी जराही वाढले नव्हते. तू घर खाली आणलं होतंस.

बाबांहूनही उंच तू! त्या ओट्याशी जन्मभर वाकून पोळ्या लाटल्यास. कुंकू लावताना आरशापुढे गुडघे दुमडायचीस. कंबरेला बाम चोळताना मी वर विचारायचे, "एवढी उंच कशाला झालीस गं?" तू नुसती हसायचीस. एकदा तरी सांगायचंस! रागावलेय मी तुझ्यावर. आणि देवळात उभं राहावं तशी हात जोडून त्या भोकांकडे बघतेय.

दादाला सांगितलं, ओट्याला हात लावायचा नाही. मी इथेच राहणार.

तुला शब्द देते, आई. या ओट्याशी आता कुणाला वाकू देणार नाही. वहिनी आली तरी तिला खुर्चीत बसवीन. चहा मी करीन, पोळ्या मी लाटीन. ताठ उभी राहून.

तुझीच,
अनू