ब्राह्मीला हाका मारू नका

आई,

मागचं दार उघडं राहिलं आणि आपली ब्राह्मी निघून गेली. मी शोधायला चाललेय. गल्लीतली माणसं तिच्या नावानं ओरडत फिरतायत. ओरडलं की पोरगी लपून बसते, हे त्यांना कुठनं माहीत असणार? ती स्वमग्न आहे हे गावात कळू द्यायचं नाही, असं तुमचं म्हणणं. आता बास. मंदिराच्या स्पीकरवरून मी सगळ्यांना सांगणार आहे.

तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवून घ्या, माझी वाट बघू नका. तेवढं दाराशी बसा. ती दिसली तरी हाक मारू नका.

प्राची

आत्ताच जिनेंद्रभाऊजींचा फोन आला. पाटाला पाणी सोडलंय. तिच्या चपला काठावर आहेत, मंदिरात शिरताना काढते तशा, जोडीनं लावलेल्या.