जोडीनं जोतिबाला जायचं म्हणून

प्रिय शालन,

तुला आजवर एकही पत्र लिहिलं नाही. दिवसभर आपल्या पिठाच्या गिरणीत शेजारीच उभी असायचीस, लिहायचं कशाला? पण आज सकाळी भावकी सोप्यात येऊन बसली होती. ती उठून गेली आणि मी वही ओढली. खरं काय घडलं ते आपल्या दोघांनाच ठाऊक, म्हणून तुलाच लिहितोय.

विषय लॉटरीच्या पैशाचा. बक्षिसाचा एवढा पैसा बँकेत तसाच पडून आहे. थोरले दादा म्हणाले, "शालनच्या नावानं देवळाम्होरं मंडप बांधू की! जीव गेला, पर देवाला दाखवल्याबगार पैशाला हात लावू दिला न्हाय बाईनं." दगडावर कोरायचा मजकूरही त्यांनी लिहून आणला होता. मी मान खाली घालून चहा पीत बसलो.

शालन, हे मीच पसरवलंय गं!

तू तर माझ्या तिकिटांची थट्टा करायचीस. "त्यापरास शेंगा आणल्या असत्या, तर पोरीनं खाल्ल्या तरी असत्या." नंबर लागला तेव्हा मी बंगला, गाडी, नवी गिरणी असं काय काय बोलत सुटलो. तू भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, "मला आधी बरं करा. मग काय बांधायचं ते बांधा." किती साधं मागणं!

पैसे मंगळवारी जमा झाले. हृदयाची झडप बदलायला उशीर नको, पैशाची सोय झाली की त्याच दिवशी भरती व्हा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मी म्हणालो, रविवारी जोतिबाला जाऊन येऊ, मग बघू. आलेला पैसा आधी देवाला, ही आपल्या घरची रीत. दर्शन जोडीनं घ्यायचं, तर तू दवाखान्यात असून कसं चालेल?

रीत होती हे खरं. पण नुसती रीत नव्हती. हलगीवाले सांगून ठेवले होते, दोन जीप ठरवल्या होत्या. काठापदराच्या साडीत तुला शेजारी बसवून, गुलालानं माखून सगळ्या पेठ वडगावातून मिरवायचं होतं मला. जोतिबानं कुठं सांगितलं होतं थांबायला?

आईला अजून भरती का केलं नाही, असं विचारायला कोल्हापुरातून आपल्या लेकीचा, वैशूचा फोन आला, तेव्हा मी तिला सांगितलं, "तुझी आईच न्हाय म्हणत्या." तू शेजारीच होतीस. ऐकलंस. का गप्प बसलीस गं? मला खोटं पाडायचं नाही, ही सवय एवढी अंगात मुरली होती का?

शुक्रवारी तू भिंत धरून उभी राहिलीस. "अवो, दम पुरंना. आजच जाऊया की." मी म्हणालो, "दोन दिवस कळ काढ."

शनिवारी सकाळी तू गेलीस. रविवारी हलगीवाले ठरल्या वेळी दारात आले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

वैशू तुझ्यावर चिडली आहे. बाराव्याला तुझ्या फोटोला हार घालायलासुद्धा पुढं झाली नाही. "आईला माझ्यापेक्षा देव मोठा वाटला," म्हणाली. मी तिथंच उभा होतो. तेव्हाही तोंड उघडलं नाही. पोरगी तुटेल या भीतीनं सगळं मेलेल्या बायकोच्या माथी मारलं. याला काय म्हणायचं? माणूस तरी म्हणायचं का मला?

तो मंडप होणार नाही. दादांना तसं सांगतो. पैशाचं काय करायचं ते वैशू ठरवील, हवं तर ती त्याला हातही लावणार नाही. पण आधी तिला कळू दे, की थांबवलं ते मी, तिच्या आईनं नाही. उद्या पहिल्या एसटीनं मी तिच्याकडे जातोय. ती तुझ्यासारखी गप्प बसायची नाही. नको नको ते बोलेल, दार लावून घेईल. घेऊ दे. बाहेर उभा राहून, शेजारपाजार गोळा होईल एवढ्या मोठ्यानं सांगीन, की तुझी आई चला म्हणत होती.

तुझा,
दिनकर