राखीव खेळाडूचे आजोबा

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. टार्निट. सकाळी १०.४०
नवी वही. इथे घोड्यांच्या शर्यतीलाही सरकारी सुट्टी असते, म्हणून सगळे घरी. नचिकेत (मुलगा) अजून झोपलाय. देवयानी (सूनबाई) मागे कपडे वाळत घालतेय. उर्वी (नात, वय १८) ऑगस्टपासून अमेरिकेत, कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये. नाव पहिल्यांदा आलं की पुढे नातं-हुद्दा लिहायचा, ही कोपरगाव स्टँडवरची सवय. एकोणतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. कोणती गाडी लागली, कोणती सुटली, ड्रायव्हर कोण. इथेही तेच लिहायचं. कोणती मॅच, किती-किती, उर्वी किती मिनिटं.

आज सीझनची पहिली मॅच. तिथे काल संध्याकाळचे सात, इथे आज सकाळचे अकरा. माझ्या सोयीचं आहे.

संकल्प: उर्वीला सल्ला द्यायचा नाही. पार्कात बढाई मारायची नाही.

दुपारी १.१५
जिंकलो. ७८–५१. उर्वी: शून्य मिनिटं. टॅबलेटवरच्या तक्त्यात तिच्या नावापुढे नुसत्या आडव्या रेघा.

समोरची टीम कच्ची होती. हातचा चांगला ड्रायव्हर कुणी गावातल्या फेरीला लावतं का? कोच बाई हुशार दिसते.

उर्वीला मेसेज केला की बाकावर बसताना पाठ सरळ ठेव, कोचचं लक्ष जातं. हा सल्ला नाही, सूचना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
८४–४०. उर्वी शून्य.

पार्कात जोगिंदरजी (मित्र, लुधियानाकडचे, मुलगा ट्रक चालवतो) भेटले. बच्ची खेली क्या, विचारलं. म्हटलं, अभी रिझर्व में रखा है. तर म्हणे, रिझर्व मतलब टंकी में पेट्रोल कम. ह्या माणसाला खेळातलं काही कळत नाही. मी निदान यूट्यूबवर शिकलोय, शिवाय लायब्ररीतून चित्रांचं पुस्तक आणलं होतं. उर्वी नऊ वर्षांची असताना ड्राइव्हवेत रिंग लावली, तेव्हापासून चेंडू आणून देणं माझ्याकडे. तिला जे येतं त्यातलं निम्मं माझंच आहे. तोंडाने म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मनात घर करून आहे. तिची तिथली जागा एका वर्षाची. खेळ दाखवला तर पुढच्या वर्षी पुन्हा. नाही दाखवला तर बघू, असं कागदावर आहे. पण बाकावरून खेळ दाखवायचा कसा?

११ नोव्हेंबर, मंगळवार
९१–५६. उर्वी: दोन मिनिटं. पॉइंट शून्य, रिबाउंड शून्य, असिस्ट शून्य, फाउल एक.

फाउलचा आकडा दहा वेळा पाहिला. एक म्हणजे एक. माणूस हजर असल्याशिवाय फाउल होत नाही.

शिरा केला. डबा घेऊन पार्कात गेलो. जोगिंदरजींनी विचारलं, कितने पॉइंट? म्हटलं, पॉइंट नहीं, एक फाउल किया. म्हणाले, शाबाश, किसको मारा? आणि शिरा संपवला.

रात्रीच्या जेवणात देवयानी म्हणाली, आबा, शेवटच्या दोन मिनिटांना गार्बेज टाइम म्हणतात, तेव्हा कुणालाही उतरवतात. म्हटलं, लोक काहीही नावं ठेवतात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
हरलो. ६१–६६. उर्वी शून्य. हरताना तरी हातचं राखलेलं बाहेर काढायला हवं होतं. कोच बाईबद्दलचं मत तूर्त राखून ठेवतोय.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
उर्वीचा फोन. तिने तक्त्याचा विषय काढू दिला नाही. मग स्वतःच म्हणाली, आबा, chill, कोचने सांगितलंय थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तीन दिवसांत तीन मॅच आहेत, तेव्हा मला खरी मिनिटं मिळणार. तोवर wait कर. आणि कुणाला सांगू नकोस, प्लीज.

जीव भांड्यात पडला. थांबायचं ठरवलं. थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

दुपारी ४.१०
थांबणं वेगळं आणि हात बांधून बसणं वेगळं.

कोच बाईंचा इमेल कॉलेजच्या वेबसाइटवर उघडा आहे. म्हणजे लोकांनी लिहावं हीच अपेक्षा असणार. अर्ज मराठीत लिहिला, फोनने इंग्रजी केलं. सविनय सादर. सदर खेळाडू स्वभावाने लाजाळू असून स्वतःहून पुढे येणार नाही, तरी तिला पुढे बोलवावे. तिच्यासारखी मुलगी मी पाहिली नाही. सोळाव्या वर्षी डावा गुडघा दुखावून चार महिने लंगडत होती, परंतु मी स्वतः रोज तिळाच्या तेलाने मालिश केले असून आता कसलीही तक्रार नाही. ती त्याचा उल्लेखही करत नाही, यावरून तिची जिद्द दिसून येते. आपला नम्र, दत्तात्रय, निवृत्त वाहतूक नियंत्रक, खेळाडूचे आजोबा.

गुडघ्याचा मुद्दा सर्वांत वजनदार झालाय. नुसती स्तुती कुणीही करतं, पुरावा लागतो.

पाठवला. घरात बोललो नाही. हा वशिला नाही, माहिती आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी. कोच बाई लिहितात की कळवल्याबद्दल मनापासून आभार, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, खेळाडूची तब्येत आमच्यासाठी सगळ्यांत आधी, आजच उर्वीशी बोलते.

आजच. अर्ज नीट लिहिला की असं होतं. हे उर्वीचे आई-बाप लॅपटॉपवर दिवसभर टकटक करतात, त्यांना सुचलं नाही.

बाईंबद्दलचं मत पूर्ववत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
९०–५८. उर्वी शून्य. पण एक बदल आहे. तिच्या नावाशेजारी छोटी लाल खूण आलीय. बाकी कुणाच्याही नावाला नाही. विशेष लक्ष दिसतंय.

टॅबलेट पार्कात नेला. जोगिंदरजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाले, दत्ताजी, ये मेडिकल वाला निशान लगता है, उंगली रखो तो मतलब आएगा. म्हटलं, बाद में देखूंगा.

घरी आल्यावर बोट ठेवलं नाही. बॅटरी कमी होती. एकसष्ट टक्के.

२२ नोव्हेंबर, शनिवार
घरात काहीतरी बिनसलंय. देवयानी दोन दिवस दार लावून फोनवर बोलते. बाहेर येते तेव्हा डोळे लाल. नचिकेत ताटात बघून जेवतो. नवरा-बायकोचं आहे, त्यात पडू नये. पण वडीलकीच्या नात्याने संध्याकाळी चालताना नचिकेतला म्हटलं, संसारात कधी कधी पड खावी बाबा. तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, आबा, not now, प्लीज. मुलाच्या मनाला लागलेलं दिसतंय. समज दिल्याचं समाधान वाटलं.

उर्वी फोन उचलत नाही. मेसेज आला, busy आबा, love you. प्रॅक्टिस वाढवली असणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
थँक्सगिव्हिंगची पहिली मॅच. ७०–६४. उर्वी शून्य. लाल खूण कायम. तीनातली पहिलीच आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
५९–७२. उर्वी शून्य. शेवटची मॅच सर्वांत महत्त्वाची असते.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.३०
आज उर्वीच्या टीममधल्या दोन मुलींना ताप आला, तिसरीचा पाय मुरगळला. माणसं कमी पडली. कोच बाईंनी बाक रिकामा केला. ज्या मुलीचं नाव मी आजवर तक्त्यात पाहिलं नव्हतं, तीसुद्धा उतरली, सोळा मिनिटं, सात पॉइंट. बाकावर बसलेल्या सगळ्या खेळल्या. एक सोडून.

ती सोळा मिनिटं कुणाची होती ते मला कळतं. तेवढं मला येतं.

लाल खुणेवर बोट ठेवलं. दुखापत, असं आलं. खाली लिहिलंय, पूर्ण सीझन बाहेर. मॅचचा निकाल लिहायचा राहिला. ६८–६५. जिंकले.

दुपारी ३
नचिकेतने खोलीत येऊन दार लोटलं. म्हणाला, आबा, तुम्हाला सांगणार नव्हतो, तुम्ही त्या तक्त्यात इतके रमला होतात. उर्वीने म्हणे आपणहून कोचला जुना गुडघा सांगितला. तिथे जाताना भरायच्या फॉर्मवर तो लिहायचा नाही, असं घरात ठरलं होतं. फिजिओने बरा म्हणून सांगितलंच होतं. हे ठरताना मी बहुतेक पार्कात असेन. मला कुणी बोललं नाही. कोचने स्कॅन करायला लावलं. आत एक दोरी (लिगामेंट) अर्धी तुटलेली निघाली, जुनी. ह्या वर्षी खेळायचं नाही. पुढच्या वर्षीच्या जागेचं विचारलं तर बघू म्हणाले.

देवयानी दारात येऊन उभी होती. म्हणाली, ज्या आठवड्यात खेळायला मिळणार होतं त्याच्या आदल्या आठवड्यात हे. काय गरज होती? खरेपणाची हौस, अगदी आबांवर गेलीय.

मी म्हटलं, हो.

१ डिसेंबर, सोमवार
शांतपणे विचार केला. उर्वीने स्वतः सांगितलं. म्हणजे माझ्या अर्जाचा संबंध नाही. अर्ज पंधराचा, उत्तर अठराचं, आणि तिने सांगितलं तेही, नचिकेत म्हणतो, अठरालाच, पण तिथे तेव्हा सतरा तारीख असेल. तारखांचा घोळ होतो. योगायोग म्हणायचा.

आणि समजा संबंध असलाच, तरी गुडघा वाचला. मॅचमध्ये तुटला असता तर? एक प्रकारे मीच

(इथे चहा आला. वाक्य नंतर पूर्ण करायचं.)

३ डिसेंबर, बुधवार
सकाळी सव्वानऊला उर्वीचा फोन. घरात मी एकटा. तिने वेळ बघूनच केला असणार.

कशी आहेस, वगैरे. मग म्हणाली, आबा, कोचने मला तुझा mail वाचून दाखवला, पूर्ण. मालिशसकट. मग ती म्हणाली, तिच्यासारखी मुलगी मी पाहिली नाही, ह्या ओळीला कोच थांबली, म्हणाली, your grandfather is sweet. मी विचारलं, मग आई-बाबांना तू सांगितलंस म्हणून का सांगितलंस? ती म्हणाली, because. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, आबा, मी इथे आहे, आई ओरडली की मला फोन ठेवता येतो. तुला त्यांच्याबरोबर त्या टेबलावर रोज जेवायचंय.

म्हटलं, बाळा, आज संध्याकाळी मी सगळं सांगून टाकतो. ती म्हणाली, नको रे. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, गुडघा नाही दुखत.

टीम प्रॅक्टिसला जाते तेव्हा ही बाटल्यांत पाणी भरते, टॉवेल मोजते. हे तिने हसत सांगितलं. मीही हसलो.

संकल्प: सांगायचं. अठरा वर्षांच्या पोरीच्या आडोशाला उभं राहायचं वय नाही माझं. शनिवारी, दोघं घरी असतात तेव्हा.

४ डिसेंबर, गुरुवार
मॅच होती. निकाल पाहिला नाही. जोगिंदरजींनी आज विचारलंच नाही. बाकावर सरकून जागा करून दिली.

६ डिसेंबर, शनिवार. दुपारी
काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. चार वाक्यं. अर्जासारखं होऊ नये म्हणून सविनय काढलं. मोठ्याने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आवाज लागला.

रात्री ८.३०
जेवायला तिघं बसलो. भरली वांगी. देवयानीने मला आधी वाढलं. मी पाणी प्यायलो, म्हटलं, एक सांगायचं होतं. दोघांनी वर पाहिलं.

तेवढ्यात देवयानीच बोलायला लागली. म्हणाली, मलाही तुम्हाला सांगायचं होतं, आबा. फॉर्मवर गुडघा लिहू नकोस हे मी तिला शिकवलं, नचिकेत रोज किती मिनिटं म्हणून मेसेज करायचा, आम्ही दोघांनी पोरीच्या डोक्यावर ओझं ठेवलं. ह्या घरात एकट्या तुम्ही कधी तिच्या खेळात ढवळाढवळ केली नाहीत. तिला तेवढी एक जागा होती. आणि तिला रडू फुटलं. नचिकेत तिच्या पाठीवर हात ठेवून बसला.

मग डोळे पुसून तिने विचारलं, तुम्ही काय सांगत होतात?

म्हटलं, वांगी छान झालीत. आणि अर्धी पोळी मागून घेतली.