करकोचा बसलेलाच दिसावा

सेल्चुक, मार्चअखेर

आदरणीय रुश्तू आबी,

तुमच्या दोन्ही हातांना ओठ लावून आणि घरातल्या लहानग्यांच्या डोळ्यांचे मुके घेऊन लिहायला बसलो आहे. आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा काय म्हणतो? बेल्कीस वहिनींना माझा सलाम सांगा. (ज्या वर्षी त्यांना पहिला करकोचा उडताना न दिसता बसलेला दिसला, त्या वर्षी त्या आमच्या पोराच्या लग्नालाही आल्या नव्हत्या. म्हणाल्या, यंदा प्रवासाचा योग नाही. इझमीरहून आमच्याकडे गाडीनं यायला असा कितीसा वेळ लागतो! राग नाही, आठवण झाली एवढंच.) सोबत अंजिरं पाठवतोय, वरची आधी खा, खालची जरा जुनी आहेत. खरं तर फोनच केला असता, पण फोन स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात तुमची बहीण.

तर विषय तिचाच. साखरपुड्याला तुमच्या वडिलांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं होतं की नेरिमानला जगातली सातही आश्चर्यं दाखवीन. तुम्ही तेव्हाच हसला होतात. आता त्यातलं एक आमच्या घरामागेच असल्यामुळे सुरुवात फुकटात झाली आणि तिथेच गाडी अडली. आर्टेमिस देवीचं देऊळ म्हणजे आज दलदलीत तुकड्यावर तुकडा रचून उभा केलेला एक खांब, खाली बदकं आणि बेडूक, वर करकोच्याचं घरटं. मी तिथे प्लास्टरची छोटी देवळं विकतो. लोक बसमधून उतरतात, आधी खांबाकडे बघतात, मग माझ्याकडे. जसं काही बाकीचं देऊळ मीच विकून खाल्लं. परवा एका जर्मन बाईनं विचारलं, दुरुस्ती कधी संपणार? मी म्हटलं, पुढच्या वर्षी. काय सांगणार?

या हिवाळ्यात नेरिमाननं भांडी घासता घासता जाहीर केलं, "शाकिर, जुन्या सातांतलं एकच धड उभं आहे म्हणे, मिसरमधलं. सगळा जन्म मोडक्याशेजारी काढला. आता एक सबंध बघायचंय मला." म्हणजे पिरॅमिड! मी म्हटलं, अगं, आपलं देऊळही एके काळी सबंध होतं. ती म्हणाली, "तूही होतास."

आबी, खरं सांगतो, मला विमानाची भीती वाटते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आणि त्याहून मोठी भीती ही, की एकदा सबंध काहीतरी बघून आली की दारात पाऊल टाकताना ती आधी खांबाकडे बघेल आणि मग माझ्याकडे, त्या बसमधल्या लोकांसारखी.

म्हणून मी मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं, करकोच्यावर सोडू. यंदाचा पहिला करकोचा तुला उडताना दिसला तर जायचं, बसलेला दिसला तर घरी राहायचं. तुमच्या घरातल्या बायकांचा यावर केवढा विश्वास, तुम्हाला माहीतच आहे. ती लगेच हो म्हणाली. आता आमचा करकोचा एकदा आला की खांबावर असा बसतो, जसं देऊळ त्याच्याच नावावर आहे. फक्त तो टेकेपर्यंत तिनं आकाशाकडे बघता कामा नये. मी स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड पडदा लावला (माशा येतात म्हणालो, ऐन थंडीत) आणि खांबापाशी चहा विकणाऱ्या वेहबीला सांगून ठेवलं की पाहुणा आला की निरोप धाड.

मंगळवारी निरोप आला. मी छत्री घेतली आणि नेरिमानला म्हटलं, चल, बदकांनी अंडी घातलीत, बघून येऊ. बाहेर लख्ख ऊन. छत्री तिच्या डोक्यावर इतकी खाली धरली की बिचारीला स्वतःच्या चपलांशिवाय काही दिसेना. "पाऊस कुठाय?" म्हणाली. मी म्हटलं, उन्हानं रंग काळवंडेल. "इतक्या वर्षांत माझ्या रंगाची काळजी आजच लागली का रे तुला?" तरी आली. खांबासमोर तिला नीट उभं केलं. वर महाराज घरट्यात, एका पायावर, चोच वाजवत. मनात म्हटलं, जिंकलो! आणि जादूगाराच्या थाटात छत्री मिटली.

आबी, आमची ती जुनी छत्री मिटताना बंदुकीसारखी वाजते.

करकोचा उडाला. उडाला म्हणजे काय, पंख पूर्ण पसरून, अगदी सावकाश, आमच्या डोक्यावरून. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा रोजचा कार्यक्रम आहे. "आधी बसला होता! बसला होता!" असं ओरडत मी मागे सरकलो तो थेट दलदलीत, उताणा. वेहबीला साक्षीला बोलावलं तर तो नालायक म्हणाला, "शाकिर आबी, नेरिमान वहिनींनी मान वर केली तेव्हा घरटं रिकामं होतं. आईशप्पथ." तुमची बहीण आकाशाकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा उजळलेला मी साखरपुड्यानंतर पाहिला नव्हता, आणि चिखलात पडल्यापडल्या मला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून विमानाची भीती जात नाही.

तेव्हा थोरले भाऊ म्हणून तिला चार शब्द लिहा. मिसरमध्ये उकाडा फार, पिरॅमिड बघून कुणाचं भलं झालेलं नाही, वगैरे. तुमच्या गुडघ्याचं कारण पुढे केलंत तरी चालेल. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

तुमचा आज्ञाधारक,
शाकिर

ता. क. पाकीट चिकटवणार तोच नेरिमान सहलीवाल्याकडून आली. दोन जागा धरून आली आहे. मी खाकरून म्हटलं, निदान मला खिडकीपाशी बसवू नकोस. ती म्हणाली, "तुला कोण नेतंय? तू बस आपल्या खांबापाशी. दुसरी जागा बेल्कीस वहिनीची. करकोचा उडताना दिसला की येतेच, म्हणालीय फोनवर."

आणखी एक ता. क. वरचं सगळं रद्द समजा. तिला काहीही लिहू नका. ती गेल्यावर घर कसं वाटेल याचा आत्ता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचार केला, तर विमान अगदीच किरकोळ वाटलं. शिवाय करकोचा माझ्याही डोक्यावरूनच गेला होता. तेव्हा आबी, हात जोडतो, वहिनींना यंदाचा करकोचा अजून दिसला नसेल तर तो बसलेलाच दिसेल एवढं बघा, म्हणजे ती दुसरी जागा मला मिळेल. तुमच्याकडे विजेच्या खांबांवर पुष्कळ बसतात. गाडीत झोपवून न्या, डोळ्यांना रुमाल बांधून न्या, कसंही न्या. छत्री मात्र नेऊ नका.